एका दिवसाने जुना माल

मुख्य कचेरीतून एक मुलगी माझा फोटो काढायला आली होती. नव्या भरतीच्या पोरापोरींना वाटण्यासाठी एक गुळगुळीत पुस्तक असतं, त्यात दरवर्षी कुणाला तरी हसत उभं करतात. यंदा माझी पाळी. मथळा आधीच ठरला होता: 'तामामोरीमध्ये घडवा विविधांगी कारकीर्द'. मुलीने वही उघडली आणि गोड आवाजात विचारलं, "इवाकिरीसान, मालवाहतुकीच्या इतक्या वेगवेगळ्या विभागांत काम करायची संधी कंपनीने तुम्हाला कशी काय दिली?"

"तोंड उघडलं की देतात," मी म्हटलं.

तिने ते लिहून घेतलं नाही. पण खरं तेच होतं.

फुकुओकाच्या कचेरीत मी लागले ती चहा द्यायला आणि फोन उचलायला. तामामोरी म्हणजे केवढी कंपनी! आमचा सॉस, आमच्या नूडल्स, आमचा करीचा मसाला नाही असं घर अख्ख्या क्यूशू बेटावर शोधून दाखवा. हा सगळा माल हलतो कसा, हे बघायची मला भारी खाज. एकदा भर बैठकीत चहा ठेवता ठेवता विचारलं, की माल तयार असतो तरी ट्रक फाटकाबाहेर अर्धा अर्धा दिवस का ताटकळतात? उत्तर मिळालं नाही, बदली मिळाली. तोसूच्या गोदामात, खोकी उचलायला. रडत परत येईल, नाहीतर लग्न करून मोकळी होईल, असा त्यांचा अंदाज होता. मी फोर्कलिफ्टचा परवाना काढला.

गोदामात विचारलं, बायकांच्या मापाचे हातमोजे का नाहीत? मला परतीच्या मालाच्या विभागात टाकलं. तिथे दुकानांनी नाकारलेला धडधाकट माल यंत्राखाली चिरडतात. तिथे आवाज चढवला, तर हाकाताच्या बंदरावर. बंदरावर विचारलं, साहेबांच्या मेव्हण्याच्याच गाड्यांना रोज काम कसं मिळतं? तर आइस्क्रीमच्या शीतगोदामात, जिथे पापण्यांवर बर्फ धरतं. तिथून छोट्या दुकानदारांना माल पोचवायच्या कामावर, कारण त्या म्हाताऱ्या दुकानदारांची कटकट कुणालाच नको होती. मला ती आवडली. शेवटी परत तोसूला, गाड्यांच्या टेबलावर. कुठला ट्रक कुठे जाणार, कुठला चालक कधी निघणार, हे तिथे ठरतं आणि दिवसभर शिव्या खाव्या लागतात. शिव्या द्यायलाही मी तिथेच शिकले.

साहेब लोकांनी मला शिक्षा दिली आणि मी ती शिकून घेतली. म्हणून मी कुणी सोशिक, गुणी बाई आहे असं समजू नका. मला राग यायचा, आणि राग आला की मी काम शिकायची. दुसरं काही येत नव्हतं.

आणि मला तोसूच्या वितरण केंद्राची प्रमुख व्हायचं होतं. हवं होतं म्हणजे हवंच होतं, त्यात लाजायचं काय? क्यूशूतला कुठलाही मोठा रस्ता धरा, तो तोसूवरून जातो. इथे गोदामाला गोदाम लागून आहे. आमचं केंद्र सगळ्यांत जुनं, आणि त्या खुर्चीत आजवर एकही बाई बसलेली नव्हती.

मार्चच्या मध्यावर केंद्रप्रमुख उशिजिमाने मला छोट्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. तो माझ्याहून थोडाच मोठा, केस नीट विंचरलेला, आवाज कधी न चढवणारा माणूस.

"तुझं नाव आलंय," तो म्हणाला. "मी फुकुओकाला चाललो, माझ्या जागी तू. एक तारखेला हुकूम निघेल. तोवर कुणाला बोलायचं नाही."

मला बसावंसं वाटलं, पण मी उभीच राहिले.

"आणि तोवर तोंड उघडायचं नाही. जमेल?"

"प्रयत्न करते."

"प्रयत्न नको करूस, जमव," उशिजिमा म्हणाला. तो फोटोही त्यासाठीच होता, हे मला नंतर कळलं.

मी खरंच जमवलं. दात आवळून जमवलं. चालकांना शिव्यासुद्धा हळू आवाजात दिल्या, तर ते मला बरं नाही असं समजले.

त्या वर्षी चेरी लवकर फुलली. आमच्याकडे फुलं आली की सतरंजी आणि इनारीचा डबा घेऊन सगळे झाडाखाली जातात. इनारीसाठी तळलेल्या तोफूचे गोड रश्शात मुरवलेले कप्पे लागतात, आत भात भरला की झाली इनारी. ते कप्पे तामामोरीचेच हवेत असा लोकांचा हट्ट. हा थंड ठेवायचा माल, फार टिकत नाही, त्यामुळे त्या आठवड्यात आमची सगळ्यांची पळापळ असते.

शुक्रवारी सकाळी आमचा चालक कुसाबा याचा फोन आला. जुना, खरखरीत माणूस, फोनवरसुद्धा ट्रकच्या भोंग्यासारखा बोलतो.

"इवाकिरीसान, सुझुनारीवाले माल घेत नाहीत! तारीख उलटलीय म्हणतात."

सुझुनारी म्हणजे आमच्या भागातली सगळ्यांत मोठी दुकानांची साखळी. आणि तारीख उलटणं म्हणजे आमच्या धंद्यातलं एक खूळ. कुठल्या कायद्यात ते लिहिलेलं नाही, पण कायद्यापेक्षा कडक पाळतात. दुकानात काल जो माल गेला, त्याच्यावरच्या तारखेपेक्षा आजच्या मालाची तारीख मागची असता कामा नये. एका दिवसानेही नाही. माल उत्तम असो, टिकायला भरपूर दिवस असोत, तरी घेत नाहीत. एका दिवसाने जुना म्हणून अख्खा ट्रक मागे फिरतो आणि यंत्राखाली जातो. जगात दुसरीकडे असं कुणी करत असेल असं मला वाटत नाही.

पण तारीख उलटली कशी? गोदामाच्या मजल्यावरच्या आमच्या बायका जुना माल आधी काढतात, नवा नंतर. त्यांचा हात चुकत नाही. मी कारखान्यात फोन लावला आणि उलगडा झाला. आदल्या दिवशी सुझुनारीच्या खरेदीप्रमुखाने, ताकेतोमीने, उशिजिमाला गळ घातली होती. फळ्या रिकाम्या होतायत, आजच्या आज थोडा माल पाठवा. उशिजिमाने केंद्राला न विचारता, न कळवता, कारखान्यातून थेट एक छोटी गाडी सोडली. ताजा माल पुढे गेला. मग आज आमचा रोजचा ट्रक गेला, त्यात रोजच्या क्रमाने आलेला, एका दिवसाने जुना माल. चूक असलीच तर ती दोन साहेबांच्या फोनवर झाली होती.

मी उशिजिमाकडे गेले. त्याला सगळं ठाऊकच होतं. त्याच्या टेबलावर योकानचा डबा आधीच येऊन पडला होता. माफी मागायला मिठाई न्यावी लागते, आणि माफी जितकी मोठी तितकं योकान जड. हा डबा चांगला वजनदार होता.

"दुपारी दोघं जाऊ," तो म्हणाला. "मी वाकेन, तू बोलायचं. सांगायचं, आमच्या मजल्यावर माल काढताना चूक झाली. शिगेमात्सूच्या गटाकडून. माल परत आणू, परतीला टाकू, विषय संपला."

"पण चूक झालीच नाही."

"चूक नसेल तर माफी कशाची मागणार?" तो शांतपणे म्हणाला, जणू मीच वेडी. "माफी मागायची म्हणजे चूक हवी, आणि चूक म्हटली की नाव हवं. ताकेतोमीला वर कळवायचं असतं. मी माझं नाव घालू? शेवटच्या आठवड्यात? आणि ताकेतोमीचं घालू, गिऱ्हाइकाचं?"

"शिगेमात्सूबाईंचा करार या महिनाअखेरीला संपतो."

"तेच म्हणतोय मी. आपोआप संपेल. कुणाला काढलं असंही होणार नाही." मग त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "इवाकिरी, एक तारीख किती जवळ आली बघ. एक वाक्य आहे. ते बोल आणि खुर्चीत बस."

मी मजल्यावर गेले. शिगेमात्सूबाई तिथे केंद्र उघडल्यापासून आहेत. मला खोकी उचलायला पाठवलं तेव्हा कंबर न मोडता कसं उचलायचं हे त्यांनीच शिकवलं. म्हणून चारचौघांत त्या मला इवाकिरीसान म्हणतात आणि एकटं गाठलं की अगं-तुगं करतात. जाळीच्या टोपीत केस कोंबून त्या खोक्यांवर चिकटपट्टी मारत होत्या. मी काही लपवलं नाही. सगळं सांगितलं, खुर्चीचंसुद्धा.

"मग घे की माझं नाव," त्या म्हणाल्या.

"बाई!"

"बाई बाई काय करतेस? ऐक. मी साठीला आले. घरी नाशपातीची बाग आहे, नवरा आहे, कंटाळा येईल पण मरणार नाही. तू वर जा. वर गेलीस की मला परत बोलाव. झालं! एवढंसं काम आणि तोंड बघा कसं केलंय."

"आणि बोलावता नाही आलं तर?"

"नाही तर नाही." त्यांनी पट्टी फर्रकन ओढली. "अगं, एवढी वर्षं इथे उभी आहे मी. आपल्यातली एक त्या काचेच्या खोलीत बसलेली मला बघायचीय. नवा साहेब आला की आम्हाला पहिल्या दिवशी 'ए बायांनो' म्हणतो. त्याचा कंटाळा आलाय. माझ्या नावाचं लोणचं घालायचंय का? घे आणि जा."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात मात्र चालू होते, आणि एकाच खोक्यावर त्यांनी पट्टी तीनदा मारली.

खोटं कशाला सांगू? मला ते पटलं. उशिजिमाच्या गाडीत मांडीवर योकानचा डबा घेऊन बसले होते आणि मनातल्या मनात ते वाक्य म्हणून बघत होते. आमच्या मजल्यावरच्या शिगेमात्सू यांच्या गटाकडून. एक वर्ष, फार तर दोन, मग मी त्यांना परत आणेन. दोन्ही बाजू राजी आहेत, मग माझं काय जातं? नदीकाठी फुलांखाली लोक आदल्या दिवशीच सतरंज्या टाकून जागा धरत होते.

"नाव स्पष्ट घे," उशिजिमा गाडी चालवता चालवता म्हणाला. "पुटपुटू नकोस. नाव नीट ऐकू आलं की समोरच्याला बरं वाटतं."

सुझुनारीच्या गोदामात आमचा ट्रक एका कडेला उभा होता, थंडाव्याचं यंत्र घरघरत होतं. कुसाबा चाकाला टेकून उभा होता. मला बघून त्याने फक्त मान हलवली. आम्ही आतल्या खोलीत गेलो. ताकेतोमी चटपटीत, तरुण दिसणारा माणूस. बोलता बोलता सारखा फोन बघतो. उशिजिमा कमरेतून वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मी योकान धरून मागे उभी.

"उठा हो, उठा," ताकेतोमी म्हणाला. "कालची गाडी अगदी वेळेत आली बरं का, उशिजिमासान. उपकार झाले. आजचं फक्त नाव तेवढं सांगा, मला वर कळवायचंय."

कालच्या गाडीचे आभार आणि आजच्या गाडीसाठी नाव! एका दमात! त्या खोलीतल्या एकालाही माझं वाक्य खरं वाटणार नव्हतं. कुणाला फसवायचंच नव्हतं. त्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त एका बाईचं नाव हवं होतं, पाय पुसायला. इतका वेळ मी स्वतःला समजावत होते की ही एक छोटी थाप आहे. थाप निदान कुणालातरी मारतात. ही तर थापसुद्धा नव्हती.

"इवाकिरी सांगतील," उशिजिमा म्हणाला.

"सांगते," मी म्हटलं. "काल तुम्ही उशिजिमासानना फोन केलात. त्यांनी केंद्राला न कळवता कारखान्यातून ताजा माल पाठवला. आमच्या बायकांनी आज जुना माल आधी काढला, रोज काढतात तसा. त्यांनी बरोबर केलं. चूक कुणाची झाली असेल तर ती तुम्हा दोघांची, आणि तीसुद्धा मी मोठी म्हणणार नाही. नावं हवीत ना? ताकेतोमी आणि उशिजिमा. स्पष्ट ऐकू आलं?"

ताकेतोमीने पहिल्यांदाच फोन खाली ठेवला.

"म्हणजे चूक गिऱ्हाइकाची, असं तामामोरीचं म्हणणं आहे?"

"तामामोरीचं नाही, माझं. हे बघा, उद्या शनिवार. फुलं पूर्ण उमलली आहेत. उद्या तुमच्या दुकानात पहिल्या तासाला लोक इनारीचे कप्पे मागणार. माल तुमच्या दारात उभा आहे, थंड, चांगला, टिकायला भरपूर दिवस. दार उघडा आणि घ्या. कुणाचंच नाव लागणार नाही."

"तारीख उलटलेला माल आम्ही घेत नाही. नियम आहे."

"फळ्या रिकाम्या राहिल्या तरी?"

"नियम आहे," तो पुन्हा म्हणाला, आणि मला वाटतं त्यालाही ते जरा विचित्र ऐकू आलं.

"बरं. मग मी निघते."

"इवाकिरी!" उशिजिमाचा आवाज पहिल्यांदा चढला. "माल केंद्रावर परत न्यायचा. परतीला टाकायचा."

"माल परत न्यायचा की दुसरीकडे लावायचा हे गाड्यांच्या टेबलावर ठरतं, आणि टेबलावर मी आहे. एक तारखेपर्यंत तरी आहे." मी डबा उचलला. माफी मागितलीच नाही तर मिठाई कशाला ठेवायची?

बाहेर येऊन मी कुसाबाच्या शेजारी ट्रकमध्ये चढले.

"कुठे?" त्याने विचारलं.

"आधी कुरुमे. मग बघू."

"आत आरडाओरडा ऐकू आला. कामावरून गेलीस का गं?"

"अजून नाही. योकान खाणार?"

"तुकडा मोठा काप," कुसाबा म्हणाला.

मी फोन लावत सुटले. ते छोटे दुकानदार आठवतात ना, ज्यांची कटकट कुणाला नको होती? त्यांच्या हातून मी इतक्या वेळा चहा घेतलाय की त्यांच्या घरातल्या मांजरांची नावं मला पाठ आहेत. साखळीने कोंडी केलेले हे लोक, फुलांच्या दिवसांत त्यांना आमचा माल कधीच पुरेसा मिळत नाही. कारण सगळा आधी सुझुनारीला जातो. कुरुमेच्या एका म्हातारीने विचारलं, "तारीख?" मी म्हटलं, "सुझुनारीत काल गेला त्याच्या एका दिवस आधीची." ती म्हणाली, "मग काय झालं? मी काय तो कपाटात जपून ठेवणार आहे?" आणि शेजारच्या दोघांना हाका मारून बोलावलं. शाळेच्या डब्यांचं काम घेणारी एक बाई स्वतःची छोटी गाडी घेऊन वाटेत येऊन थांबली. देवळाबाहेरच्या ठेलेवाल्यांनी तर खोकी रस्त्यातच उतरवून घेतली, कुसाबाला गाडी बाजूला घ्यायलाही सवड दिली नाही. उजेड होता तोवर ट्रक रिकामा झाला. नेहमीच्याच भावाने, अगदी राजीखुशीने.

शनिवारी आणि रविवारी सुझुनारीच्या दुकानांत इनारीची फळी रिकामी होती. मी मुद्दाम जाऊन पाहिली. चांगलं वागायचं म्हणून गेले नव्हते, मजा बघायला गेले होते. एक आजी त्या रिकाम्या फळीपुढे उभी राहून तिथल्या पोरीवर खेकसत होती, आणि मला तिला मिठीच मारावीशी वाटली.

एक तारखेला सकाळी सगळे कामाला लागायच्या आधी उशिजिमाने हुकूम वाचले. आमच्यात नाव पुकारलं की पुढे जायचं, वाकायचं, दोन्ही हातांनी कागद घ्यायचा आणि म्हणायचं, सविनय स्वीकार करते. एवढंच. कुणी कधी दुसरं काही बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"इवाकिरी मित्सुयो. होक्काइदो विभाग, कुशिरो गोदाम."

कुशिरो म्हणजे देशाचं दुसरं टोक. धुकं, बर्फ आणि मासळी. तोसूचं प्रमुखपद यंदा कुणालाच नव्हतं. उशिजिमाचं फुकुओकासुद्धा पुढच्या वर्षावर गेलं होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

मी पुढे गेले. वाकले नाही.

"कारण?" मी विचारलं.

उशिजिमाने कागद माझ्यापुढे आणखी जरा सरकवला.

"विविध... विविध अनुभव मिळावा म्हणून."

"तो मला पुष्कळ मिळालाय. कारण विचारलं मी."

त्याने यादीतलं पुढचं नाव पुकारलं. मी समोरून हलले नाही, तर त्याला ते पुन्हा पुकारावं लागलं. मग मी तो कागद एका हाताने घेतला आणि जागेवर जाऊन उभी राहिले. सविनय वगैरे काही म्हटलं नाही. नोकरी सोडायचं माझ्या मनात आलं नव्हतं. मी गेले असते तर त्यांचं काम सोपं झालं असतं, आणि त्यांचं काम सोपं करायचं मला काही कारण नव्हतं.

शिगेमात्सूबाईंचा करार वाढला. चूक कुणाच्याच नावावर लागली नव्हती, तर न वाढवायला निमित्त काय काढणार? मला वाटलं होतं त्या खूश होतील. छे! त्यांनी मला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं आणि झाप झाप झापलं.

"तुला कुणी सांगितलं होतं मला वाचवायला? मी सांगितलं होतं का? मी काय सांगितलं होतं?"

"नाव घे म्हणाला होतात."

"मग? आम्हाला वर एक माणूस हवं होतं आमचं! माझ्यासारख्या दहा मिळतील, तुझ्यासारखी तिथे पोचायला किती वर्षं लागली? आता बसा पुन्हा 'ए बायांनो' ऐकत. आणि तू जा मासे मोजायला!"

"बाई, तुमचं नाव घेऊन मी त्या खोलीत बसले असते तर उद्या तिथून दुसरीचं नाव घेतलं असतं. सोपं जातं ते. मी त्या दिवशी गाडीत सराव करत होते, मला कळलं किती सोपं जातं."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांचा राग गेला नाही. डोळे भरून आले होते, पण ते त्यांनी टोपीनेच पुसले आणि दार आपटून गेल्या. पुढचे काही दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला ते फार लागलं, कुशिरोपेक्षा जास्त.

माझा तोसूतला शेवटचा दिवस होता. मी मजल्यावरच्या कोपऱ्यात माझं सामान खोक्यात भरत होते. तेवढ्यात उशिजिमा आला, घाईघाईने, कानाला फोन. शाळा सुरू होण्याचे दिवस, पुन्हा इनारीची मागणी, पुन्हा ताकेतोमी घायकुतीला आलेला. या वेळी कारखान्याने थेट गाडी सोडायला नकार दिला होता. जे हवं ते केंद्रातून घ्या म्हणाले. म्हणून साहेबांना खाली यावं लागलं.

"ए बायांनो," तो म्हणाला, "ते मागच्या रांगेतलं सगळ्यांत ताजं काढा आधी. सुझुनारीसाठी. गाडी उभी आहे, चला."

शिगेमात्सूबाईंनी हातातली ढकलगाडी थांबवली. त्यांचं बघून शेजारचीने थांबवली, मग तिच्या पलीकडचीने.

"ताजं आधी गेलं तर उद्याच्या मालाची तारीख उलटेल," शिगेमात्सूबाई म्हणाल्या.

"ते मी बघतो."

"तुम्ही बघता हे आम्हाला कळलं. बाकीच्यांना कसं कळणार?" त्यांनी खांबाकडे बोट दाखवलं. सकाळच्या कवायतीच्या सूचना ज्यावरून देतात तो माइक तिथे होता. "त्याच्यावर सांगा. कुणाच्या सांगण्यावरून काढायचं ते. सगळ्या मजल्यांवर जातं, चालकांनाही ऐकू जातं."

"वेळ नाहीये मला या पोरखेळाला!"

"आम्हाला आहे," शिगेमात्सूबाई म्हणाल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

मजल्यावर एकही चाक फिरत नव्हतं. उशिजिमाने इकडे तिकडे पाहिलं. मग त्याची नजर माझ्यावर पडली. मी आवरलेल्या खोक्यावर बसले होते आणि या वेळी खरंच माझं तोंड बंद होतं. त्याच्या फोनमधून ताकेतोमीचा बारीक आवाज येत होता, हॅलो, हॅलो. बाहेर चालकाने भोंगा वाजवला. तो कुसाबाच असणार. तो उगीच वाजवत नाही, पण त्या दिवशी उगीचच वाजवला असावा.

उशिजिमा खांबापाशी गेला. खरखर झाली आणि त्याचा आवाज छतावरून आला. "सुझुनारीसाठी ताजा माल आधी काढायचा आहे. मी सांगतोय."

"मी कोण?" शिगेमात्सूबाई खालून ओरडल्या.

उशिजिमाने माइक तोंडाजवळ ओढला.

"उशिजिमा. केंद्रप्रमुख उशिजिमा. माझ्या सांगण्यावरून."

"गाडीच्या आवाजात नीट कळलं नाही, साहेब. पुन्हा एकदा. स्पष्ट."

त्याने पुन्हा सांगितलं, स्पष्ट, आणि ते नाव वरच्या मजल्यापासून फाटकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. शिगेमात्सूबाईंनी टोपी सारखी केली, ढकलगाडीचा दांडा धरला आणि माझ्याकडे बघून, कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून, बाकीच्यांना म्हणाल्या, "चला गं, आता काढा माल. नाव मिळालं."